एका खांबासाठी पुण्याला

पुण्याहून परत आल्यापासून जी भेटते ती विचारते, शनिवारवाडा पाहिला का, बाकरवडी आणली का. मी सांगते, वाडा राहिला, बाकरवडी भाच्यानं दिलेली गाडीतच संपली, पण दोन रिंगांचं मैदान पाहून आले. मग समोरची विषय बदलते, कारण तिला वाटतं म्हातारीला गाडी लागली असेल. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या राऊत मॅडम म्हणाल्या, लिहा मावशी, कॉलेजच्या वार्षिक अंकात घालू. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं सगळं किराणा बांधून आलेल्या कागदांवर वाचत वाचत झालं, त्यामुळे माझ्या लिहिण्यात मधूनच डाळीचा वास आला तर सांभाळून घ्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी खांबाचं सांगते.

आमचं घर दारव्ह्यातल्या कॉलेजच्या मैदानाला लागून आहे. गच्चीवर उभं राहिलं की खाली बास्केटबॉलचा खांब, त्याची फळी आणि रिंग. फळीची मागची बाजू माझ्याकडे, त्यामुळे पोरी चेंडू घेऊन आल्या की सरळ माझ्याकडे धावत आल्यासारख्या दिसतात. पूर्वी चेंडू उडून माझ्या पापडांवर यायचा. मी तो जप्त करायची, पोरी जिन्यात उभ्या राहून विनवण्या करायच्या. असं भांडता भांडताच मला खेळ कळायला लागला. चेंडू न आपटता पावलं टाकली की काय होतं, धक्का दिला की काय होतं, सगळं पोरींना विचारून विचारून शिकले. मग पापड एका कोपऱ्यात गेले आणि माझी खुर्ची कठड्याशी आली. रोज संध्याकाळी मी वरून ओरडायची, "घाल वो माय, घाल." पोरींना त्याची इतकी सवय झाली की मी बाहेरगावी गेले तर राऊत मॅडम म्हणायच्या, आज निशाणे चुकून राहिले.

आता मैदानाला रिंगा दोन लागतात, हे कोणीही सांगेल. आमच्याकडे होत्या दोन. पण एका वर्षी गॅदरिंगच्या मंडपाला जागा हवी म्हणून पलीकडचा खांब उपटला, आणि मंडप गेल्यावर तो परत रोवला नाही. काही दिवस गवतात पडला होता. मग प्राचार्यांच्या गाडीसाठी टिनाचं शेड झालं, त्याला मधात आधार लागत होता, तिथं तो खांब जाऊन उभा राहिला. वरची रिंगसुद्धा तशीच. गाडीच्या टपावर रिंग, असं दृश्य. तेव्हापासून आमच्या दोन्ही बाजूच्या पोरी एकाच रिंगेत टाकतात आणि एकाच दिशेनं धावतात, म्हणजे माझ्याकडे.

यंदा पुण्याच्या एका कॉलेजनं मुलींची स्पर्धा ठेवली आणि आमच्या संघाला बोलावणं आलं. राऊत मॅडम खांब मागायला गेल्या, तयारीसाठी तरी द्या म्हणून. प्राचार्य भला माणूस आहे, पण गाडी नवी. ते म्हणाले, "आजवर आपला संघ बाहेर एक तरी मॅच जिंकला का? एक जिंकून या, खांब परत देतो." मॅडम बाहेर येऊन पोरींना म्हणाल्या, ऐकलं ना. मी गच्चीवरून म्हटलं, मीपण ऐकलं, मीपण येते.

पुणे, पहिला दिवस

रात्रभराच्या गाडीचं काही सांगत नाही, सगळ्यांच्या पायांना मुंग्या येतात तशा माझ्याही आल्या. पोरींची सोय त्या कॉलेजच्याच वसतिगृहात होती. मी भाच्याकडे, म्हणजे प्रशांतकडे उतरले. तो कंप्युटरच्या कंपनीत आहे, राहायला हिंजवडीत. स्पर्धेचं मैदान स्वारगेटच्या पुढं, मार्केट यार्डाच्या अंगाला. प्रशांतनं फोनवर सांगितलं होतं, मावशी, पुणं एवढंसं आहे. ते एवढंसं केवढंसं आहे ते पुढं येईलच.

सकाळी प्रशांतच्या बायकोनं, स्नेहानं, पोहे केले. दिसायला देखणे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. घास घेतला तर गोड. मला वाटलं चुकून साखर पडली, म्हणून काही बोलले नाही, तिला कशाला वाईट वाटू द्यायचं. मग मैदानाबाहेरच्या टपरीवर पोहे घेतले, तेही गोड. त्याला विचारलं, वरून तर्री नाही का. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पोहे आहेत आजी, मिसळ नाही." आमच्याकडे पोह्यांवर रस्सा नसेल तर माणूस रुसतो. इथं मागितला तर माणूस रुसतो. मी पिशवीतली जवसाची चटणी काढली आणि भुरभुरवून खाल्ले.

मैदान मात्र पाहत राहावं असं. वर उंच पत्र्याचं छत, खाली गुळगुळीत निळी जमीन आणि दोन्ही टोकांना दोन रिंगा, जाळीसकट. आमची पायल त्या जाळीला नुसती हात लावून आली. पायल म्हणजे आमच्या संघातली सगळ्यात बुटकी, पण पायात चाकं. सरावाला पोरी ज्या रिंगेत चेंडू टाकत होत्या, त्याच रिंगेच्या मागच्या पायऱ्यांवर मी जाऊन बसले. घरी तिथूनच पाहते, मला दुसरीकडून खेळ दिसतच नाही.

शेजारी एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, पांढरे केस कापलेले, बुडाखाली स्वतःची छोटी उशी. मी बसता बसता त्या म्हणाल्या, "आपण जरा झटकून बसलात तर बरं. शेंगांची टरफलं आहेत." मी झटकलं. त्यांचं नाव पटवर्धनबाई. तरुणपणी याच मैदानावर खेळलेल्या, तेव्हा छत नव्हतं. आता दरवर्षी स्पर्धेला येतात. मी विचारलं, तुमची कोण खेळते. त्या म्हणाल्या, कोणी नाही. मग कोणाच्या बाजूनं आहात. तर म्हणाल्या, खेळाच्या. आणि हेही सांगितलं की त्या आजवर कधी ओरडलेल्या नाहीत, बघायला आलं की बघावं.

आमची मॅच सुरू झाली आणि मी ओरडले. त्यांनी उशी थोडी पलीकडे सरकवली.

काय सांगू, पोरी काय खेळल्या. समोरचा संघ कोल्हापूरकडचा, धिप्पाड. पण आमच्या पोरी माझ्याकडे अशा धावून यायच्या की जणू गच्चीखालचंच मैदान. पायल पायांमधून निघून यायची. मध्यंतराला आम्ही पुढं. मी आनंदानं पटवर्धनबाईंना सोजीचा लाडू दिला, त्यांनी अर्धा घेतला.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात. हा नियम मला ऐकून माहीत होता, पण पाहिलेला नव्हता, कारण आमच्याकडे बदलायला दुसरी बाजूच नाही. मी आपली तिथंच बसून राहिले, पिशव्या पसरलेल्या, डबे उघडलेले. आता आमच्या पोरींना पलीकडच्या रिंगेत टाकायचं होतं आणि मी बसले होते शत्रूच्या रिंगेमागं. पोरी लांब गेल्या म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडायला लागले.

शेवटी शेवटी आम्ही एका गुणानं पुढं होतो. नुसता वेळ काढायचा होता. चेंडू पायलच्या हातात आला, मैदानाच्या मधात. मी जीव खाऊन ओरडले, "घाल वो माय, घाल." पायल वळली. माझ्याकडे पाहिलं. आणि सुसाट धावत आली. मधात कोणी आडवं येईना. मला वाटलं, पाहा, कशी सगळ्यांना चुकवून आली. कोल्हापूरच्या पोरी कशाला आडव्या येतील, त्या बाजूला होऊन वाट देत होत्या. पायलनं इतका सुंदर चेंडू टाकला की जाळी नुसती हलली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. बराच वेळ एकटीच वाजवत होते.

मग फळ्यावरचा आकडा कोल्हापूरच्या नावापुढं दोनानं वाढला आणि शिट्टी झाली.

पटवर्धनबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "आपण नक्की कोणाच्या बाजूनं आहात?"

एका गुणानं हरलो. पायल रिंगेखालीच बसून राहिली. मी खाली उतरून तिच्याजवळ गेले, तर म्हणाली, "मावशी, मी नाही खेळत आता. खांब माझ्यानं गेला." मी म्हटलं, खांब गेला असेल तर दोघींनी घालवला, तू टाकलं अन् मी टाळ्या वाजवल्या. तिला हसू आलं नाही. राऊत मॅडम मात्र तोंड फिरवून हसत होत्या, मी पाहिलं.

मार्केट यार्ड

दुसऱ्या दिवशी मॅच दुपारी होती. पोरी मलूल पडल्या होत्या, म्हटलं यांना लिंबाच्या फोडी मीठ-साखर लावून द्याव्यात, तरतरी येईल. मार्केट यार्ड जवळच, म्हणून चालत गेले. मला वाटलं आपल्या आठवडी बाजारासारखा बाजार असेल, जरा मोठा.

बाई गं. कांद्याचे डोंगर, कोबीच्या भिंती, आणि त्यांच्या मधून डोक्यावर पोती घेतलेले हमाल असे पळतात की आमच्या पोरींनी शिकावं. अंगावर येता येता एक जण ओरडतो, दुसरा नुसता खाकरतो, तुम्ही आपोआप बाजूला होता. मी एका लिंबूवाल्याकडे उभी राहिले आणि म्हटलं, डझनभर दे. तो गादीवर मांडी घालून बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "सुटं न्हाय मिळत आज्जी हितं. गोणी हाय."

आता इथून परत जायला हवं होतं. पण मी आमच्या बाजारात भाव केल्याशिवाय हललेली नाही, म्हणून सवयीनं विचारलं, गोणी कशी. त्यानं सांगितलं. मी सवयीनं निम्म्यात मागितली. आमच्याकडे यावर दुकानदार हसतो, मग आपण दोन पावलं निघून जातो, मग तो बोलावतो. मी निघायला वळले. मागून तो म्हणाला, "न्या."

त्याला काय घाई होती देव जाणे, माल उन्हात नरम पडत असेल. पण न्या म्हटल्यावर काय करता. एका हमालानं गोणी उचलून रिक्षात टाकली. मी म्हटलं बाबा, मला अकरा पोरींना चोखायला हवी होती. तो म्हणाला, "मग काय झालं, गावाला न्या, लोणचं घाला."

मी लिंबाची गोणी घेऊन मैदानावर आले, तेव्हा पटवर्धनबाई उशीवर बसलेल्या होत्या. गोणीकडे पाहून म्हणाल्या, "स्पर्धा तीनच दिवस आहे." मग मात्र पर्समधून एक चाकू काढला, लखलखीत, रुमालात गुंडाळलेला, आणि फोडी करायला बसल्या. सगळ्या फोडी सारख्या. मी चिरलेल्या त्यांनी वेगळ्या काढून ठेवल्या.

लिंबं चिरता चिरता त्या म्हणाल्या, "काल रात्री मी आपल्या मुलींचा विचार करत होते." मी म्हटलं, खेळाच्या बाजूनं ना. त्यांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं आणि मुद्द्याचं सांगितलं. "आपल्या मुली रिंग बघत नाहीत, आपल्याला बघतात. तेव्हा मध्यंतरात आपण सामानासकट पलीकडे जायचं."

इतकं साधं. म्हणजे इतकी वर्षं मी वरून ओरडते ते प्रेमानं, आणि पोरींनी मला रिंगेचा भागच करून टाकलं.

त्या दिवशीची मॅच यजमान कॉलेजशी. त्यांच्या पोरी ताडासारख्या, बूट एकसारखे, हसायलाही एकदमच लागायच्या. पायल आधी उतरत नव्हती, मॅडमनी दटावून उतरवली. आम्ही हरणार हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं आणि तसे हरलोही, चांगले दणकून. पण मध्यंतराची शिट्टी झाली तशी मी उठले. दोन पिशव्या, डबा, लिंबाचं पातेलं. गुडघे माझे काही विचारू नका. मैदानाला वळसा घालून पलीकडच्या पायऱ्यांवर जायचं म्हणजे आमच्या गल्लीत एक फेरी. मागून पटवर्धनबाई उशी घेऊन. म्हटलं, तुम्ही कशाला येता. तर म्हणाल्या, पातेलं सांडेल. बघणाऱ्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, आजी, कमॉन. त्यानंतर आमच्या पोरींनी एकही चेंडू उलट्या रिंगेत टाकला नाही, फक्त पायल मधल्या रेघेवर आली की क्षणभर थांबायची, मला शोधायची आणि मगच पळायची. तेवढ्यात समोरची पोहोचायची. पण निदान दिशा बरोबर.

लिंबाच्या फोडी यजमानांच्या पोरींनीही खाल्ल्या. त्यांची कप्तान मला म्हणाली, "आजी, सीरियसली, हे बेस्ट आहे. आमचे सर आम्हाला पावडर देतात." मग स्पर्धा संपेपर्यंत येईल त्या संघाला आमचंच लिंबू. तरी गोणी संपेना. उरलेली प्रशांतच्या सोसायटीत वाटली, तिथं कोणी कोणाला ओळखत नव्हतं, लिंबामुळं ओळख झाली असं स्नेहा म्हणते.

हिंजवडी ते स्वारगेट

तिसऱ्या दिवशी शेवटची मॅच, साताऱ्याकडच्या संघाशी. तेही आधीच्या दोन हरलेले. म्हणजे खांब मिळायचा तर आजच.

प्रशांत म्हणाला, आज मी गाडीनं सोडतो, मलाही बघायचंय तू काय करतेस ते. मला बरं वाटलं. निघताना त्याचा फोन आला, मग लॅपटॉप आला, मग म्हणाला मावशी, दोन मिनिटं. पुण्यातली दोन मिनिटं मला तेव्हा माहीत नव्हती. निघालो तर चौकातच गाड्यांचा चिखल. पुढं कुठंतरी एक मोठा कंटेनर आडवा झालेला. डावीकडे कंपन्यांच्या बसा, उजवीकडे कंपन्यांच्या बसा, सगळ्यांच्या काचांमागं पोरं-पोरी कानात बोंडं घालून झोपलेली. इतकी काचेची घरं उभी, आणि मधातच एका भिंतीवर शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या. म्हटलं, हे गाव अजून आहे तर खाली कुठंतरी.

प्रशांत गाडीतच मीटिंगमध्ये बोलत होता. मी काही विचारलं की बोट ओठांवर ठेवायचा. घड्याळाकडे पाहून पाहून माझा जीव वर आला. कसेबसे हिंजवडीच्या बाहेर पडलो तर पुढं आणखी गाड्या. शेवटी मी दार उघडलं. तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "मावशी, अगं कुठे?" मी म्हटलं, खांब आणायला.

रस्त्याच्या कडेला रिक्षा उभी होती. मी सांगितलं, स्वारगेटच्या पुढं, लवकर घे बाप्पा. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "मावशी, कुठल्या वो तुम्ही?" मी दारव्हा म्हटलं, तसा तो गर्रकन वळला. तो आमच्याच भागातल्या मंगरूळपीरचा निघाला, पाच-सहा वर्षांपासून इथं. मग काय विचारता. त्यानं मला कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून नेलं, एकदा तर कोणाच्या तरी अंगणातून नेलं की काय असं वाटलं. सारा वेळ मी त्याला मॅच सांगत होते आणि तो विचारत होता, मग त्या पोट्टीनं उलटंच टाकलं? उतरताना म्हणाला, "जिंकून राहिल्या तर मला सांगजा." आणि मला मागच्या फाटकाशी सोडून गेला, कारण पुढचं लांब पडलं असतं.

हेच नेमकं घात करणारं ठरलं.

मागच्या फाटकातून आत गेले तर मध्यंतर कधीच होऊन गेलेलं, शेवटचा भाग चालू. आणि मी उभी कुठं, तर एका रिंगेच्या अगदी मागं. कोणती रिंग ते पाहिलं. आमच्या पोरी ती राखत होत्या. म्हणजे टाकायचं पलीकडे, आणि मी इकडे. दारावरच्या पोराला म्हटलं, बाबा, मला पलीकडे जाऊ दे. तो म्हणाला, खेळ थांबल्याशिवाय सोडता येत नाही आजी, इथंच थांबा. फळ्यावर पाहिलं, आम्ही एका गुणानं मागं. वेळ जवळजवळ संपलेला.

मी पदराचा बोळा करून तोंडात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी गप्प राहून मॅच पाहत होते. माझ्या छातीत चेंडू आपटत होता.

साताऱ्याच्या पोरीनं टाकलेला चेंडू रिंगेला लागून उडाला आणि पायलनं खाली वाकून उचलला, अगदी माझ्या समोर. उठता उठता तिनं वर पाहिलं. आमची नजरानजर झाली. तिचा चेहरा असा खुलला, की मावशी आली. आणि तिचा पाय इकडे वळला. मी पाहिला वळताना.

मी काय करू. ओरडून सांगावं पलीकडे जा, तर माझा आवाज म्हणजेच रिंग. म्हणून मी पाठ फिरवली. सरळ वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर पाण्याच्या पाइपाला निळा रंग दिला होता, तो मी पाहत राहिले.

क्षणभर चेंडू थांबला. मला कळलं, ती मैदानात उभी राहून शोधतेय, आता कुठं.

आणि मग पलीकडून, दुसऱ्या टोकाच्या पायऱ्यांवरून आवाज आला. बायकी, चिरका, कधी वापरलेला नसावा असा. आणि प्रत्येक अक्षर शाळेत धडा वाचावा तसं स्वच्छ.

"घाल वो माय, घाल."

पायल हसली, मला पाठीमागं ऐकू आलं. मग चेंडू आपटत निघाला. धप्, धप्, धप्, लांब, आणखी लांब, आवाज लहान होत गेला. पोरींचे बूट करकरले. कोणीतरी पडलं. मग काहीच नाही. मी पाइपाकडे पाहतेय. मग जाळीचा तो एवढासा आवाज, गव्हाच्या पिठात हात घातल्यासारखा, आणि त्यावर सगळं मैदान.

वळून पाहिलं तर आमच्या पोरींचा एक ढीग झाला होता आणि त्याच्या तळाशी पायल असणार, कारण कुठंच दिसत नव्हती. राऊत मॅडम शिट्टी तोंडात धरून रडत होत्या, त्यामुळे शिट्टी वाजत होती. एवढ्या लांब येऊन, एवढ्या गल्ल्या पार करून, जी एक बास्केट पाहायला हवी होती ती मी पाहिलीच नाही. पण खोटं कशाला सांगू, मला ती सगळ्यात नीट लक्षात आहे.

दारावरच्या पोरानं मला सोडलं. पलीकडे पायऱ्यांवर पटवर्धनबाई उशीवर ताठ बसल्या होत्या, शेजारी रुमाल टाकून माझी जागा धरलेली. गाल लाल झाले होते. घसा बसलेला. मला म्हणाल्या, "आपण उशिरा आलात. मला आपलं काम करावं लागलं."

मी म्हटलं, तुम्ही तर खेळाच्या बाजूनं.

त्यांनी रुमालाची घडी घातली. "खेळाच्याच बाजूनं ओरडले," म्हणाल्या. मग विचारलं, "वो म्हणायचं का व म्हणायचं? मला खात्री नव्हती." मी त्यांच्या गळ्यात पडले. पुण्यात असं करत नाहीत बहुतेक, त्या ताठच राहिल्या, पण माझी पाठ दोनदा थोपटली. निघताना जवसाची चटणी मागून घेतली, आणि तिखट लागली तर फोन करीन असं बजावलं.

प्रशांत बक्षीस समारंभाच्या वेळी पोचला. विचारलं, काय झालं. मी म्हटलं, तू म्यूटवर होतास.

दारव्हा

प्राचार्यांनी शब्द पाळला. शेड उतरवलं, खांब काढला, पलीकडच्या टोकाला खड्डा खणला. रिंग ठोकायला पायल स्वतः वर चढली होती. गाडी आता निंबाखाली असते, तिच्यावर पाखरांनी जो काही रंग काढलाय तो सगळ्या गावानं पाहिलाय, आणि प्राचार्य संध्याकाळी चक्क मैदानाशी उभे राहून मॅच बघतात.

दोन रिंगांवरचा पहिला खेळ होता त्या दिवशी मी गच्चीवर खुर्ची लावली. राऊत मॅडम खालून म्हणाल्या, मावशी, तिथं नाही. मी म्हटलं, मग पलीकडे येऊ का. म्हणाल्या, तिथंही नाही, आणि मधल्या रेघेच्या टोकाला माझी खुर्ची नेऊन ठेवली. मी काय ते समजले. पटवर्धनबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर केलं. मान दुखेल, तेवढं सहन करा." चटणी तिखट आहे हेही सांगितलं, आणि संपली हेही.

मधल्या रेघेवर बसून खेळ वेगळाच दिसतो. कोणी माझ्याकडे येत नाही. सगळ्या माझ्यासमोरून जातात, कधी इकडे, कधी तिकडे. मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. पायलला चेंडू मिळाला. ती मधल्या रेघेवर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर.

ती थांबली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. नव्या रिंगेकडे, जिथं कोणीच बसलेलं नव्हतं, तिकडे ती सरळ पळत गेली.

तरी मी ओरडलेच. सवय आहे, आणि प्राचार्यही माझ्याबरोबर ओरडले.